विकत की मक्त्यानं?

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर या गावी शेकडो शेतकऱ्यांनी दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यांसमोर, मंजुरी नसलेलं बियाणं पेरलं. कार्यक्रम शेतकरी संघटनेचा, वावर संघटनेचे ललित बहाळे यांचं आणि बियाणं एचटीबीटी कपाशीचं. या पराटीवर ग्लायफोसेट मारलं तरी ती जगते, तण तेवढं मरतं. म्हणजे निंदणाचा खर्च वाचतो आणि ऐन हंगामात मजुरांसाठी गावोगाव हिंडावं लागत नाही. असं बियाणं परवानगीशिवाय लावलं तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड तेव्हा होऊ शकत होता. लोक ते जाणून आले होते. पुढे काहींवर गुन्हेही नोंदले गेले.

आता त्याच तालुक्याच्या गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात डोकवा. संगणकावरचं कोरल ड्रॉ, फोटोशॉप, कधीकधी खुद्द विंडोज, यांतलं काय विकत घेतलेलं आहे असं विचारलं तर दुकानदार हसतो. इथं सत्याग्रह नाही, गुन्हा नाही, कॅमेरा नाही. कायदा मोडला जातो एवढंच, आणि तो मोडला जातोय असं कोणाला वाटतही नाही.

तंत्रज्ञान, पैसा, सॉफ्टवेअर, करमणूक या चार गोष्टींबद्दल अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर लोकांशी बोललं तर मतं परस्परांशी न जुळणारी वाटतात. बियाण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची तयारी, सॉफ्टवेअरबद्दल पूर्ण बेफिकिरी, सिनेमाचं तिकीट काढताना एका शब्दाची तक्रार नाही, आणि म्युच्युअल फंडाचं नाव काढलं की कपाळावर आठी. पण या सगळ्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो वऱ्हाडीतच नीट ऐकू येतो : ‘पैसे देऊन बी वस्तू आपली नाई, तं मंग पैसे काहून द्याचे?’

पुण्या-मुंबईकडून या प्रश्नाकडे अडाणीपणा म्हणून पाहिलं जातं. मला तो अडाणीपणा वाटत नाही. त्यात हिशेब आहे, आणि त्या हिशेबात एक भोकही आहे. दोन्ही पाहायला हवीत.

प्रश्न अडाणी नाही याचं पहिलं कारण हे, की मालकीशिवाय वापर ही कल्पना या मातीला नवी नाही. वावर मक्त्यानं देणं-घेणं इथं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. वर्षाची रक्कम ठरते, पीक घेणाऱ्याचं, जमीन देणाऱ्याची, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास बोली पुन्हा नव्यानं. सॉफ्टवेअरचं लायसन म्हणजे हाच मक्ता. फक्त मक्त्याच्या अटी दोघांना तोंडपाठ असतात आणि सॉफ्टवेअरच्या अटी वाचल्या आहेत असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

खरं तर वऱ्हाड स्वतःच दीर्घकाळ मक्त्यानं होतं. १८५३ मध्ये निजामानं हे जिल्हे कर्जापोटी इंग्रजांच्या हाती दिले आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचे पट्ट्यानं दिले. मालकी कागदावर हैदराबादची, कारभार इंग्रजांचा. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी शकुंतला तर स्वातंत्र्यानंतरही किती वर्षं तशीच धावली! किलिक निक्सन कंपनीनं उभी केलेली ती अरुंद रुळांची गाडी. देशातले बाकीचे लोहमार्ग सरकारजमा झाले, पण या मार्गाची मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे राहिली, गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं, आणि करार मुदतीमुदतीनं वाढवायचा. रुळांची दुरुस्ती कोणी करायची हा वाद त्या करारातच होता. गाडी आता बंद आहे. मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की डागडुजी कोणाच्याच अंगावर नसते, हे मूर्तिजापूरच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

बियाण्याकडे परत येतो, कारण लायसनचा झगडा वऱ्हाडानं सर्वांत जवळून पाहिला तो तिथं. बीटी कपाशीला देशात मंजुरी मिळाली मार्च २००२ मध्ये. सुरुवातीला साडेचारशे ग्रॅमची बॅग १६०० रुपयांच्या आसपास पडायची, आणि त्यातला मोठा वाटा सरकीचा नव्हे, तिच्या आत घातलेल्या जनुकाच्या वापराचा असायचा. शेतकऱ्याला वाटायचं आपण बियाणं घेतलं. खरं तर त्यानं बियाणं विकत आणि तंत्रज्ञान मक्त्यानं घेतलेलं असायचं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं कपाशी बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणलं. २०१६ च्या हंगामात बोलगार्ड-२ ची बॅग ८०० रुपयांना ठरली, त्यात तंत्रज्ञानाचं शुल्क ४९ रुपये. ते पुढे ३९ वर आलं, मग २० वर, आणि २०२० च्या हंगामात शून्य. एखाद्या तंत्रज्ञानाचं भाडं सरकारनं आदेश काढून शून्यावर आणावं, असं सॉफ्टवेअरच्या जगात घडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याहून मोठा फरक कायद्यात आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बियाणं राखायला, पुन्हा पेरायला, शेजाऱ्याशी बदलायला आणि विकायलाही मुभा देतो. अट एवढीच, की ते ब्रँडच्या नावानं पाकीटबंद करून विकायचं नाही. हीच मुभा सॉफ्टवेअरला असती तर आपल्याकडचं हिशेबाचं टॅली शेजारच्या अडत्याला उतरवून देणं हा हक्क ठरला असता. अकोल्याचा दाणाबाजार ते बरीच वर्षं हक्क समजूनच करत आला, ही गोष्ट वेगळी.

मात्र कपाशीत ही मुभा कागदावरच राहते. भारतात बीटी आली ती जवळपास सगळी संकरित वाणांत, आणि संकरित वाणाची सरकी दुसऱ्या वर्षी लावली तर पीक एकसारखं येत नाही. कंपनीला कुलूप लावायची गरजच पडत नाही. सोयाबीनचं तसं नाही. ते सरळ वाण; ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळायचे, किती उगवतात ते मोजायचं आणि घरचंच पेरायचं. देशी कपाशीतही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८ असे सरळ वाण आहेत. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं ते विद्यापीठ १९६९ चं, आणि राज्याचं बियाणे महामंडळ, आपलं महाबीज, तेही १९७६ पासून अकोल्यातच. म्हणजे बियाण्याच्या मालकीचा प्रश्न जिथं सर्वांत तापला, तिथंच सरकारी, न-मक्त्याचं बियाणं तयार करणाऱ्या दोन संस्था होत्या. बीटीच्या पहिल्या दशकात त्यांना कपाशीच्या बाजारात आपली जागा राखता आली नाही, यावर वऱ्हाडात जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. कंपनीला शिव्या घालणं सोपं असतं.

शेतकरी संघटनेची भूमिका शरद जोशींपासून तंत्रज्ञान स्वातंत्र्याची आहे : जगात जे तंत्र उपलब्ध आहे ते वापरायचं की नाही हे शेतकऱ्यानं ठरवावं, सरकारनं नाही. मला ती अर्धी पटते. शेतकऱ्याला नवं तंत्र मिळालं पाहिजे यात शंका नाही. पण एचटीबीटीत गंमत अशी झाली, की ज्या कंपनीचं हे तंत्र होतं तिच्या भारतीय भागीदारानं मंजुरीचा अर्ज २०१६ मध्येच मागं घेतला होता. तरीही बियाणं दरवर्षी येतंय. कोणी तयार केलं, कोणत्या वाणात घातलं, उगवण किती, काही छापलेलं नसतं. असलं तरी खरं नसतं. आणि पक्कं बिल नसतं. ते नसलं की उगवलं नाही, बोंडअळी आली, शेजारच्या वावरातलं साधं पीक फवाऱ्यानं जळलं, तरी कृषी अधिकाऱ्याकडे जायचं तोंड राहत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशी खाल्ली तेव्हा बिल असलेल्यांनी निदान तक्रार अर्ज भरले. स्वातंत्र्य मिळालं, पण भांडायला समोर कोणी नाही, अशी ही अवस्था.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचं दुखणं तंतोतंत हेच आहे. म्हणून मला नीतीच्या बाजूनं दिलेली व्याख्यानं पोकळ वाटतात. चोरी वाईट, हे दुकानदाराला ठाऊक आहे. त्याला ती चोरी वाटत नाही, कारण समोरच्याचं काही कमी झालेलं त्याला दिसत नाही. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच संघटनेच्या पाहणीत २०१७ मध्ये भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना निघालं होतं. कंपन्यांनी केलेली मोजणी म्हणून थोडं कमी धरलं, तरी वऱ्हाडातल्या टेबलांवरचा आकडा त्याहून खाली असेल असं मानायला जागा नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद सांगतं. पण त्या कलमाची भीती घालायला मोठ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात कोणी जाईल, परतवाड्याच्या फोटो स्टुडिओत कोण येणार?

याची सवय लागली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. संगणक खेड्यापाड्यांत पोचला तो बराचसा एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागायचं, म्हणून एका पिढीनं तो केला. संगणक म्हणजे विंडोज आणि टाइप करणं म्हणजे वर्ड, ही गाठ तिथं पक्की बसली. मग घरी संगणक आला तो जुळवलेला, स्वस्तातला, सगळं ‘टाकून दिलेला’. सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते हे त्या व्यवहारात कुठंच दिसलं नाही. केरळनं आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. आपण मुलांना महागड्या वस्तूची सवय लावली आणि ती घ्यायचे पैसे मात्र दिले नाहीत. दोष दुकानदाराचा एकट्याचा नाही.

तरीही या बाजारात लोकांनी पैसे मोजले अशी दोन उदाहरणं आहेत. एक श्रीलिपी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे मराठी अक्षरांचं पॅकेज डोंगल घेऊन यायचं. संगणकाच्या मागं ते खुपसल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही. डीटीपीवाले त्याला नुसतं ‘लॉक’ म्हणायचे आणि दुकान बंद करताना गल्ल्याबरोबर ते खिशात घालून घरी न्यायचे. पैसे दिले, वस्तू हातात आली, दुसऱ्याला दिली तर आपल्याकडे राहत नाही : इथल्या माणसाला पटेल अशी ही मालकी होती. ते हरवलं तर रडू यायचं, पण व्यवहार कळायचा. त्याची दुसरी बाजू युनिकोड आल्यावर कळली. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक ज्या संकेतांत साठवले ते दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतात. पॅकेज आपलं होतं, त्यात लिहिलेलं मात्र पॅकेजच्या ताब्यात होतं. आज एक टाइपची मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईची शोभिका अशी देखणी अक्षरं खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. वापरा, बदला, वाटा. तरी ‘श्रीलिपीचं वयन याले नाई’ असं म्हणून जुनंच चालवणारे आहेत, आणि पत्रिकेच्या मथळ्यापुरतं ते खोटंही नाही.

दुसरं उदाहरण टॅलीचं. २००५ मध्ये राज्यात व्हॅट आला तेव्हापासून अनेक पेढ्यांवर टॅली ७.२ ची नकली प्रत सुखानं नांदत होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती प्रत एका रात्रीत निरुपयोगी झाली. विवरणपत्रं नव्या नमुन्यात, दर बदलत राहणार, म्हणजे अद्ययावत प्रत हवी आणि ती खऱ्या लायसनलाच मिळणार. कापड, किराणा, अडत, डाळ मिल, सगळ्यांनी लायसनं घेतली. छापा पडला नाही, प्रबोधन झालं नाही. चोरीच्या प्रतीला विचारायला मागं कोणी नसतं ही गोष्ट करसल्लागाराच्या एका फोननं पटली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आहे. बँकेचे व्यवहार करणाऱ्या जुन्या संगणकांबाबत तोच प्रश्न आता उभा आहे, पण इथं जीएसटीसारखी तारीख अंगावर येत नाही, म्हणून कोणी हलत नाही.

करमणुकीत मात्र वऱ्हाडी माणूस मालकीचा हट्ट सहसा धरत नाही. कदाचित म्हणूनच सिनेमाच्या लायसनचा धंदा इथं फोफावला. हिंदी सिनेमाच्या वितरणाचा नकाशा आजही जुन्या प्रांतांच्या नावानं चालतो, आणि त्यातला एक मुलूख आहे सी. पी. बेरार. तो प्रांत नकाशावरून गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी मुंबईचा निर्माता ‘सी. पी. बेरारचे हक्क’ विकतच राहिला, आणि ते घेणाऱ्या वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि अमरावतीला. व्यवहार सगळा मुदतीचा. ठरावीक वर्षांसाठी ठरावीक मुलखात दाखवायचा हक्क, कधी मिनिमम गॅरंटीवर, कधी कमिशनवर. टॉकीजवाल्याला तो पुढे आठवड्याच्या भाड्यानं. रिळांची पेटी रेल्वेनं, एसटीनं या गावाहून त्या गावाला जायची. बहिरमच्या यात्रेतल्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचेस्तोवर प्रिंटवर एवढ्या रेघा उमटलेल्या असायच्या, की पडद्यावर सदाच पाऊस. हंडीतलं मटण आणि रोडगे खाऊन आलेल्या प्रेक्षकाची त्याबद्दल तक्रार नसे. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट टॉकीजमध्ये उतरू लागला, पेटी गेली, पेटीबरोबर कचेऱ्यांतली वर्दळ गेली. अमरावतीत बऱ्याच एकपडदा टॉकीज मावळल्या. राजकमल, चित्रा, प्रभात ही नावं आता चौकांची आहेत.

अमरावतीला बौद्धिक संपदेची सवय नाही असं कोणी म्हणालं की मला म्हणून हसू येतं. संगणक येण्याच्या कितीतरी आधी इथले लोक मुदत, मुलूख आणि हक्क यांवर वकिलांनाही चकवतील असे करार करत होते. प्रेक्षकाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तीन तास बसायला मिळालं, पैसे फिटले.

मोबाइलच्या सुरुवातीच्या काळात गाणी मात्र लोकांना हातात हवी होती. प्रत्येक बसस्टँडबाहेर ‘गाणे भरून मिळतील’ अशी पाटी असायची. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, भीमगीतांपासून नव्या सिनेमापर्यंत शेकडो गाणी घेऊन गावची एसटी धरायची. नेट नसलेल्या गावात तो एकच मार्ग होता. कायद्यानं ती सरळसरळ चोरी होती, दुकानदाराच्या लेखी ती हमाली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि पोलिसांना वर्षानुवर्षं न जमलेलं काम डेटानं एका हंगामात केलं. आता गाणी कोणी भरून घेत नाही, आणि फोनमध्ये गाणं असतंच असंही नाही. रिचार्ज संपला की गाणं संपलं. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली, २०२५ मध्ये ती रिचार्जच्या योजनेला बांधली गेली. २००९ मध्ये ॲमेझॉननं विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती, आणि त्यांत नेमकं ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं; जगभर गवगवा झाला. इथं वेब सिरीज मध्येच गायब होते तेव्हा ‘हटवली वाटते’ एवढंच म्हणून लोक दुसरं लावतात. खेड्यांत मात्र डीडी फ्री डिशची छत्री टिकून आहे. एकदा खर्च केला की महिन्याला कोणी दारात येत नाही, हा तिचा मोठा गुण.

हक्कांचा गुंता खरा होतो तो संतांपाशी. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या शब्दांवर कोणाचा हक्क असलाच तरी निधनानंतर साठ वर्षांच्या नियमानं तो २०१६ अखेर सरला. तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. त्यांच्या ग्रंथांवरचा आणि भजनांवरचा हक्क कायद्याच्या हिशेबानं ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत जिवंत आहे. गावातलं भजनी मंडळ खंजिरीवर भजन म्हणतं, कोणीतरी ते यूट्यूबवर चढवतं, आणि कधी एखाद्या कॅसेट कंपनीचा दावा येऊन पडतो. ‘बाबाचं भजन काय कोनाच्या मालकीचं रायते का?’ हा त्यावरचा सवाल रास्त आहे, पण कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. संगणकानं केलेल्या त्या दाव्याला उत्तर देता येतं, हे मंडळाला सांगणारा माणूस गावात हवा. तो सहसा नसतो.

सरकारी ॲपांबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, पुढे शेतकरी ओळखपत्र आलं; त्यांवरचं लोकमत ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांत मावतं. आपलं वावर, आपली पराटी आणि फोटोही आपणच काढून द्यायचा, याचा राग आहे. अटी मान्य असल्याचं बटण सेवा केंद्रातला पोरगा दाबतो.

उरला पैसा. वऱ्हाडात गुंतवणूक म्हणजे वावर, ले-आउटमधला प्लॉट आणि सोनं. तिन्हींना हात लावता येतो. सोन्याच्या बाबतीत सराफ्यातल्या बायकांचा अंदाज भल्याभल्या सल्लागारांपेक्षा खरा ठरला. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमनं लाखाचा आकडा ओलांडला. पण हात लागण्याच्या आग्रहापायी काय निसटलं तेही पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारनं सुवर्ण रोख्यांचा पहिला हप्ता काढला, ग्रॅमला २६८४ रुपये. आठ वर्षांनी परतफेड झाली ६१३२ रुपयांनी, आणि दरम्यान वर्षाला पावणेतीन टक्के व्याज. घडणावळ नाही, घट नाही. ज्यांनी ‘कागदाच्या पाटल्या घालता येत नाईत’ म्हणून नाकारलं त्यांचं म्हणणं मला समजतं. पाटली लग्नात घालता येते आणि तीच ऐन जूनमध्ये पेरणीसाठी गहाणही ठेवता येते. रोखाही तारण ठेवता येतो, पण त्यासाठी बँकेचा साहेब जागेवर असावा लागतो.

कागदावर विश्वास नाही म्हणणाऱ्या याच मुलखानं कागदावर पैसे घालवले ते मात्र जमिनीचं नाव घेणाऱ्या कागदावर. पीएसीएल म्हणजे पर्ल्सनं प्लॉट देण्याच्या नावाखाली देशभरातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांकडून ४९ हजार कोटींवर रुपये गोळा केले. २२ ऑगस्ट २०१४ ला सेबीनं ही योजना बेकायदा ठरवून पैसे परत करायला सांगितलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली आणि लहान रकमांची परतफेड टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. विदर्भातल्या गावागावांत तिचे एजंट होते, बहुतेक नात्यातले, नाहीतर शाळेतले मास्तर. पावत्या छापील होत्या. बिल होतं, पण ते घेऊन ज्याच्याकडे जायचं त्याच्या योजनेची सेबीकडे नोंदणीच नव्हती. ‘वस्तू कोणाची’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला इथं ‘तुझीच’ असं गोड उत्तर मिळालं. भोक म्हणालो ते हे.

तरुण पोरं दुसऱ्या टोकाला गेली आहेत. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती होती चार कोटींच्या आसपास, मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींवर. यांतली बरीच अमरावतीच्या होस्टेलांत आणि अकोल्याच्या स्पर्धापरीक्षा अभ्यासिकांत उघडली असावीत, असा माझा कयास आहे. हातात टेलिग्रामवरच्या टिपा. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. बाप मात्र याच काळात दुसरा सट्टा खेळत होता. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून पुढच्या वर्षी त्यानं गंजी घरातच ठेवली. भाव वर जायच्या ऐवजी सात-आठ हजारांवर घसरला. हमीभाव होता लांब धाग्याला ६३८०, म्हणजे तोटा नाही, पण घरात कापूस, अंगाला खाज आणि लेकीचं लग्न पुढं. त्याला मात्र कोणी सट्टेबाज म्हणत नाही.

मला वाटतं मतांचा खरा भेद शहर-खेडं असा नाही, तरुण-म्हातारा असाही नाही. पगार असलेला माणूस आणि पगार नसलेला माणूस, असा तो आहे. अडोबीनं २०१३ मध्ये एकरकमी विक्री सोडून महिन्याची वर्गणी धरली. स्टुडिओवाल्याची कमाई लग्नसराईत होते, चातुर्मासात त्याच्याकडे पासपोर्ट फोटोशिवाय काम नसतं. त्याला बारा महिन्यांचं भाडं परवडायचं कसं? ओटीटी, मोबाइल, गाडीचा हप्ता, म्युच्युअल फंडातली एसआयपी, सगळ्यांनी गृहीत धरलंय की घरात दर एक तारखेला पैसा येतो. वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत तो दिवाळीनंतर येतो, कापूस-सोयाबीन विकून, आणि होळीपर्यंत संपतो. आपल्या मालकीच्या वस्तूला हे चालतं. एक हप्ता चुकला म्हणून पाटली नाहीशी होत नाही आणि जुनं कोरल ड्रॉ बंद पडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये देशात एसआयपीतून २६ हजार कोटींवर रुपये एका महिन्यात जमले. त्यांत वऱ्हाडातला मास्तर आहे, बँकेतला कारकून आहे, वावरवाला क्वचित. त्याला फंड पटत नाही असं म्हणण्याआधी कोणी त्याला विचारलंय का, की जानेवारीत एकदाच भरशील का?

एलआयसीचा एजंट हे कधीपासून ओळखून आहे. तो हप्ता वार्षिक किंवा सहामाही बांधून देतो, आणि चुकारा कोणाच्या खात्यात कधी जमा झाला याची बातमी त्याला जिनिंगच्या काट्यावरच लागते.